न वटलेल्या चेकची वरात

माझ्या वडिलांचा लग्नातला बँड आहे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पुढं ट्रंपेट, मागं ढोल, आणि मधोमध क्लॅरिनेट घेतलेले अब्बा. गावातला लहानथोर त्यांना 'मास्तर' म्हणतो. साताऱ्याहून सांगलीकडे येताना जी गावं लागतात, त्यांतलं एक आमचं. गावाला नगरपालिका आहे. गावाचं नाव सांगत नाही. बदनामी शुल्काची नवी पावती छापून तयार असली तर उगाच भुर्दंड नको. घरात आम्ही दखनी बोलतो, पण इथं सगळं मराठीतच सांगते, कारण ही हकीकत नगरपालिकेची आहे आणि तिचा कारभार संपूर्ण मराठीतून चालतो. समजतो असं मी म्हटलेलं नाही.

मी स्वतः सांगलीत, माधवनगरच्या रस्त्याला राहते आणि कॉलेजात वाणिज्य शिकवते. चेक म्हणजे काय, तो वटतो म्हणजे काय, न वटणं हा कसा गुन्हा आहे, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते. मुलं लिहून घेतात. नगरपालिकेतलं कुणी माझ्या वर्गात बसलेलं नव्हतं, हे मला पुढं कळलं.

डीजे आल्यापासून अब्बांच्या सुपाऱ्या कमी झाल्या होत्या. उंब्रजला एखादं लग्न, पाटणकडं एखादं, एरवी कोट पेटीत. अशा दिवसांत नगरपालिकेच्या तेव्हाच्या मुख्याधिकाऱ्यांना, म्हणजे साहेबांना, एक कल्पना सुचली. घरपट्टी थकवणाऱ्यांच्या दारात जाऊन वाजवायचं. दुसऱ्या गावांत त्यासाठी हलगी असते. आमच्या साहेबांची आवड वरच्या दर्जाची असल्यामुळं त्यांना पूर्ण बँड हवा होता.

अब्बा निरोप ऐकून घरी आले. मग अम्मीला म्हणाले, "यातल्या निम्म्या घरांची लग्नं मी वाजवली. आता त्याच दारात उभं राहून त्यांची लाज काढू?"

अम्मी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "लाज त्यांची ते काढतील. तुम्ही सुरात वाजवा म्हणजे झालं."

करार झाला. वर्षभर नगरपालिका बोलावेल तेव्हा यायचं आणि मध्येच काम सोडलं तर आधीच्या कामाचा मोबदला मागायचा नाही, असं त्यात लिहिलं होतं. नगरपालिकेनं मध्येच काही सोडलं तर काय, याबद्दल कागद नम्रपणे मौन पाळून होता. अब्बांनी स्वतःची एकच अट तोंडी घातली: कुणाच्याही दारात रडकं काही वाजवणार नाही.

ती अट नगरपालिकेला फार फळली. अब्बा दारात गेले की ज्या घरात त्यांनी लग्न वाजवलं असेल, त्या घरी त्या लग्नातलीच चाल लावायचे. एका घरी वर्षानुवर्षं पट्टी न भरलेला म्हातारा काठी टेकत बाहेर आला. थोडं ऐकून म्हणाला, "मास्तर, माज्या लग्नात ह्येच वाजीवलं हुतं न्हवं?"

"व्हय, दादा."

आतून म्हातारीचा आवाज आला, "तवाच उठून जायला पायजे हुतं मी."

लोक हसले, म्हातारा हसला आणि आत जाऊन पैसे घेऊन आला. वसुली निरीक्षकांनी तिथंच पावती फाडली. असं घरोघर झालं. कुणी भांडलं नाही असं नाही, एकानं अंगावर कुत्रंही सोडलं. पण कुत्र्याला ढोल आवडला नाही आणि ते पळून गेलं. मार्चअखेर वसुली इतकी झाली की साहेबांचा फोटो पेपरात आला. फोटोत अब्बा नव्हते. ढोलाचा कोपरा दिसत होता.

सभागृहात छोटा सत्कार झाला, शाल, नारळ आणि चेक. वाजवणाऱ्यांची मजुरी अब्बांनी तोवर स्वतःच्या खात्यातून भागवली होती, त्यामुळं खातं रिकामं आणि चेक भरलेला अशी स्थिती होती. शहाण्या माणसानं तो तडक बँकेत टाकला असता. अब्बांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गावभर दाखवला. चहाच्या टपरीवर, शिंप्याकडं, मशिदीसमोरच्या बाकावर. साऱ्या आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी शिक्क्याचा कागद त्यांना काही देण्यासाठी आलेला होता, घेण्यासाठी नव्हे. मी रविवारी येणार होते, तर मी पाहीपर्यंत तो बँकेत जाणार नव्हता. मी पाहिला. छान चेक होता. अक्षर वळणदार होतं.

याच आठवड्यात साहेबांची बदली झाली.

नवे साहेब स्वच्छ कारभाराचे होते. स्वच्छ कारभाराची पहिली पायरी म्हणजे आधीच्या साहेबांनी ज्यांना पैसे दिले, त्यांना ते मिळू न देणं. त्यांनी येताच बँकेला पत्र पाठवून आधीचे सगळे न वटलेले चेक थांबवायला सांगितले. चौकशी मागाहून होणार होती. ती कसली, हे कुणालाच माहीत नव्हतं, साहेबांनाही नसावं. ते चौकशीत कळणार होतं.

अब्बांना याची वार्ताही नाही. त्यांनी सोमवारी नगरपालिकेचा चेक बँकेत भरला आणि तिथून तसेच घरपट्टी भरायला नगरपालिकेत गेले. आता यांच्याकडून आलेले पैसे यांनाच देऊन टाकू, असा तो साधा हिशेब. काउंटरवर काचेला क्यूआर कोड चिकटवलेला होता, पण त्या दिवशी सर्व्हर झोपला होता. कारकून म्हणाला, "चेक चालंल की मास्तर. तुमचा चेक म्हंजे नोट हाय."

अब्बांनी आयुष्यातला पहिला चेक सावकाश, जिभेचं टोक बाहेर काढून लिहिला.

दोन्ही चेक परत आले. अब्बांचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. बाहेर व्हरांड्यात येऊन ऐकलं. ते बँकेची चिठ्ठी वाचून दाखवत होते. "हे बघ, नगरपालिकेच्या चेकवर लिहिलंय, देणाऱ्यानं पेमेंट थांबवलं. थांबवलं म्हणजे काय गं? आपण तर वाजवून झालो."

मी समजावलं. ते दुसरी चिठ्ठी वाचत म्हणाले, "आणि माझ्या चेकवर लिहिलंय, पुरेशी शिल्लक नाही. म्हणजे त्यांनी थांबवलं म्हणून माझ्यात शिल्लक नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग चूक कुणाची?"

बँकेचं याबाबतीत काहीच मत नव्हतं. बँकेनं दोन्ही चेक परत आल्याबद्दल दोन्हीचा आकार अब्बांच्याच खात्यातून कापून घेतला.

थोड्याच दिवसांत नगरपालिकेची नोटीस आली. थकलेली घरपट्टी, त्यावरचा दंड, आणि त्याखाली नवीन ओळ: धनादेश अनादर शुल्क. चेक न वटल्यास नगरपालिकेच्या मनाला जो त्रास होतो, त्याची ही भरपाई. बाकीचं अब्बांनी सोडून दिलं, पण त्या एका शब्दापाशी ते अडले. चष्मा पुसून पुन्हा वाचला. "अनादर? आपण कुणाचा अनादर केला?"

अम्मीला त्याहून जास्त लागलं. तिनं कधी किराणा दुकानात बाकी ठेवलेली नाही. नोटीस घेऊन आलेल्या शिपायाला तिनं पाणी दिलं, पण कधी नव्हे ते चहाचं विचारलं नाही. आमच्या घरात यापेक्षा मोठा निषेध नाही.

मी रजा टाकून अब्बांबरोबर नगरपालिकेत गेले. तळमजल्यावर वसुली विभाग, वरच्या मजल्यावर लेखा विभाग. खाली मी म्हणाले, "तुमचाच चेक थांबवला म्हणून यांचा चेक परत गेला. शुल्क कसलं लावता?"

"मॅडम, चेक थांबिवणं लेखा विभागाचं. वर जावा."

वरचे म्हणाले, "शुल्क लावणं वसुलीचं. खाली जावा."

अब्बा जिन्यात कठडा धरून उभे होते. गुडघे दुखतात त्यांचे. ते म्हणाले, "दोघांना मधल्या पायरीवर बोलावता येत नाही का?"

शेवटी साहेबांची भेट मिळाली. साहेब तरुण होते, बोलायला गोड होते. त्यांनी पाणी मागवलं. मी त्यांना वर्गातला धडा थोडक्यात सांगितला, की चेक देऊन तो थांबवणं हाही गुन्हा ठरू शकतो. साहेब हसले. "मॅडम, म्हणजे तुम्ही नगरपालिकेला तुरुंगात घालणार का? एवढी मोठी खोली कुठाय तुरुंगात?"

मी विचारलं, "मग तुमचा चेक परत आल्याचं शुल्क आम्ही तुम्हाला लावू का?"

साहेबांनी नियमाचा कागद वाचून दाखवला. हे शुल्क नगरपालिकेला दिलेल्या धनादेशास लागू. नगरपालिकेनं दिलेल्या धनादेशाचा त्यात उल्लेख नाही. "उल्लेख नाही म्हणजे तरतूद नाही," ते हळहळून म्हणाले.

"निदान आमचं शुल्क माफ करा."

"माफीला सभेचा ठराव लागतो. निवडणुका व्हायच्या आहेत, त्यामुळं सभा नाही. सभेचे अधिकार सध्या प्रशासकांना आहेत."

"प्रशासक कोण आहेत?"

"मीच."

"मग?"

"मी मुख्याधिकारी म्हणून प्रस्ताव पाठवायचा आणि प्रशासक म्हणून मीच मंजूर करायचा, हे बरं दिसत नाही हो." ते मनापासून संकोचले होते. स्वतःची स्वतःशी एवढी औपचारिक ओळख असलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मी कोर्टाची भाषा केली, तर अब्बांनी जिन्यातच हात जोडले. साहेबाला कोर्टात खेचणाऱ्या माणसाला पुढं वाजवायला कोण बोलावणार, ही त्यांची भीती. आम्ही बसस्टँडवर उसाचा रस प्यायलो आणि मी सांगलीला परत आले. उन्हाळा गेला, पाऊस गेला. अब्बांनी लग्नाच्या कमाईतून घरपट्टीचे पैसे जमवले होते. पण काउंटरवर सांगत, भरायचं तर शुल्कासकट भरा, नुसती पट्टी घेता येत नाही, संगणक घेत नाही. आणि शुल्क भरायला अब्बा तयार नव्हते. "पट्टी माझी आहे, ती देतो. अनादर मी केलेला नाही." या एका मुद्द्यावर माझे मवाळ वडील दगडासारखे बसले.

दिवाळीनंतर नव्या साहेबांच्या लक्षात आलं, की कारभार स्वच्छ झाला तरी तिजोरीही तितकीच स्वच्छ झाली आहे. त्यांनी जुन्या साहेबांची कल्पना नव्यानं शोधून काढली. वसुली निरीक्षकांचा अब्बांना फोन आला. "मास्तर, परवा सकाळी निघायचं. करार वर्षाचा हाय, ध्यानात हाय न्हवं? आन् सोडलं तर मागचं बिल बुडंल."

अब्बांनी होकार दिला. संध्याकाळी मोबाईलवर थकबाकीदारांची यादी आली. तिसरं घर आमचं होतं.

अम्मीनं मला फोन केला. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "परवा लवकर ये. माणसं येणार आहेत आपल्या दारात. शेव-चिवडा घेऊन ये सांगलीहून."

मी पहिल्या एसटीनं निघाले. पोहोचले तेव्हा आमचा बोळ झाडून पाणी शिंपडलेला होता. दाराशी खुर्च्या मांडल्या होत्या. अम्मीनं ईदची साडी नेसली होती. आधीची दोन घरं उरकून बँड बोळाच्या तोंडाशी आला, आणि तिथं वसुली निरीक्षकांना पहिल्यांदा घाम फुटला. यादी त्यांनीच पाठवली होती. पण यादीतला माणूस आणि पुढं चालणारा माणूस एकच, हे डोळ्यांनी दिसेपर्यंत त्यांना जाणवलं नसावं.

"मास्तर, हितं नगं. फुडं चला."

"का? यादीत हाय न्हवं?"

"हाय, पर तुमचंच घर…"

"मग नियम बदलला का? लोकांच्या दारात वाजीवलं आन् माज्या दारात न्हाई, आसं कसं?"

अब्बा आमच्या दारासमोर आले. एरवी बँडचं तोंड घराकडं असतं. त्या दिवशीही होतं. सगळा संच त्यांच्यामागं उभा राहिला. ट्रंपेटवाले चाचा माझ्या जन्माआधीपासून अब्बांबरोबर वाजवतात, ते हळूच म्हणाले, "मास्तर, आपण सगळे मिळून भरू या ना ते शुल्क. हे नको." अब्बांनी मान हलवली आणि क्लॅरिनेट ओठाला लावलं.

मला वाटलं होतं ते काहीतरी टोमणा मारणारं वाजवतील. स्वतःच्या दारापुरती आपलीच अट मोडून त्यांनी नवरी सासरी निघताना वाजवतात ती चाल लावली. माझ्या लग्नात त्यांनी स्वतः ती वाजवली नव्हती. वधूपिता म्हणून ते पाहुण्यांत उभे होते, ट्रंपेटवाल्या चाचांनी निभावली होती. आज ती त्यांच्याच क्लॅरिनेटमधून येत होती. डोळे मिटलेले होते. लोक हसायच्या तयारीनं जमले होते, ते हसले नाहीत. मी खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. अम्मी उंबऱ्यात ताठ उभी होती, पदर सावरत नव्हती की डोळे पुसत नव्हती.

शेजारच्या काकींना मात्र राहवलं नाही. त्या गच्चीवरून निरीक्षकांवर ओरडल्या, "आवं साहेब, ह्येंच्याकडनं काय वसूल करताय? पयलं त्येंचं पैसं द्या की! मार्चपासनं थकीवल्यात तुमी!"

बोळात कुजबुज झाली. ज्यांना माहीत नव्हतं त्यांनी विचारलं, ज्यांना माहीत होतं त्यांनी तिखटमीठ लावून सांगितलं. अर्ध्या बोळाचे मोबाईल वर आले. कुणीतरी तिथूनच सगळं थेट दाखवायला सुरुवात केली असावी, कारण थोड्याच वेळात निरीक्षकांचा फोन वाजला. पलीकडं साहेब असणार. निरीक्षक उभ्या उभ्या वाकले होते. फोन ठेवून ते धावत अब्बांकडं आले. "मास्तर, थांबवा. साहेब सांगत्यात, आत्ता थांबवा."

अब्बांनी डोळे उघडले. एका हातानं ढोलवाल्याला चालू ठेवायची खूण केली, ओठ मोकळे केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अजून अंतरा राहिलाय. मधनंच थांबवायची पद्धत तुमच्याकडं हाय. आमच्यात न्हाई."

आणि त्यांनी अंतरा पूर्ण केला. घाई केली नाही. मग सगळ्यांना चहा आणि चिवडा दिला गेला. निरीक्षकांनाही. ते बिचारे बशीकडं बघत चिवडा खात होते. त्यांचा तसा काही दोष नव्हता, त्यांच्याही घरी लग्नात बँड वाजला होता, अब्बांनीच वाजवला होता.

त्या आठवड्यात चौकशी संपली. तिच्यात काहीच सापडलं नाही. अब्बांना नवा चेक मिळाला, सत्काराशिवाय. या वेळी त्यांनी तो कुणाला दाखवला नाही, तडक बँकेत टाकला आणि तो वटला. शुल्क मात्र माफ झालं नाही. एकदा लागलेलं शुल्क संगणकातून काढता येत नाही, असं संगणकाचं म्हणणं होतं. तोडगा असा निघाला, की शुल्क 'विवादित' या रकान्यात गेलं आणि अब्बांची पट्टी भरून घेतली गेली. ते तिथं अजून आहे. दर वर्षीच्या बिलात खालच्या बाजूला ती ओळ छापून येते, आणि दर वर्षी अब्बा ती ओळ सोडून बाकीचे पैसे भरतात. आमच्या दारात वाजवल्याचं बिलही त्यांनी रीतसर लावलं. तेही मिळालं. साहेबांनी सही करताना वर पाहिलं नाही म्हणे.

करार पुन्हा केला नाही. नगरपालिकेनंही आग्रह धरला नाही. आता कचऱ्याच्या गाडीवर भोंगा आहे आणि एक बाई ध्वनिमुद्रित आवाजात गावाला घरपट्टी भरायचं आवाहन करत फिरते. वसुली कशी आहे विचारलं, तर सुधारते आहे असं सांगतात.

मागच्या महिन्यात मी माहेरी गेले होते. परतताना अब्बा बसस्टँडपर्यंत पोचवायला आले. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलत नाहीत, म्हणून मीच धीर करून विचारलं, की आपल्याच दारात वाजवताना कसं वाटलं. मला वाटलं, अपमान, राग, असं काहीतरी सांगतील.

त्यांनी माझी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "आपल्या बोळात आवाज फार छान घुमतो गं. इतकी वर्षं तिथं राहतोय, कधी कळलंच नव्हतं."

तेवढ्यात सांगलीची बस आली.